चिठ्ठीवर एकच नाव

दामोदर मेश्राम गेल्याचा निरोप मी सगळ्यात आधी दामोदर मेश्रामांनाच पाठवला.

सकाळी सातच्या सुमारास मेश्रामवहिनींचा फोन आला. "भाऊजी, गेले," एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या कामावरच्या लोकाईले तुम्ही कळवा." मी चष्मा शोधला, मोबाइलवर मजकूर लिहिला, पुन्हा वाचला आणि सवयीनं पहिलं नाव दाबलं. नोकरीतला कुठलाही कागद मी आधी मेश्रामसाहेबांना दाखवायचो आणि मगच पुढे पाठवायचो, कारण त्यात काहीतरी राहिलेलं असायचंच. हात आपल्या जुन्या रस्त्यानं गेला. निरोप पोचला, थोड्या वेळानं त्यावरच्या दोन खुणा निळ्या झाल्या. त्यांचा फोन वहिनींकडे आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी पलंगावर बसून उत्तराची वाट पाहिली... उत्तर काय आलं असतं तेही मला ठाऊक होतं. 'किती वाजता ते लिहिलं नाही. कुठं जमायचं तेही नाही.' मी मजकूर पुन्हा पाहिला. दोन्ही राहिलं होतं.

या गोष्टीला आता पाच-सहा आठवडे झालेत, म्हणून हे लिहायला बसलो आहे. ते असते तर हाही कागद आधी त्यांच्याकडेच गेला असता. तेव्हा यात काही राहिलं असेल तर वाचकांनी समजून घ्यावं.

मेश्रामसाहेब नागपूरजवळच्या एका वीज केंद्रात नियोजन विभागाचे प्रमुख होते. केंद्राचं नाव मी सांगत नाही, कारण पुढे जे येणार आहे त्यात केंद्राचा काही दोष नाही, सगळा माझा आहे. ते मूळचे खाप्याचे. वडील हातमागावर बसायचे. दामोदर दहावी होऊन केंद्रात हेल्पर म्हणून लागले आणि कोळशाच्या ट्रकांचं वजन होतं त्या काट्याच्या केबिनमध्ये बसून त्यांनी डिप्लोमाचा अभ्यास केला. तिथं पंखा होता, दिवा होता आणि काट्यावरचा माणूस ओळखीचा होता. "त्याची ड्यूटी बदलली का माहा अभ्यास बंद," असं ते सांगायचे. उसन्या दिव्याखाली शिकलेला हा माणूस पुढे शंभर-दीडशे लोकांची कामं एका कागदावर मांडू लागला. मी इंजिनीअरिंग कॉलेजातून पहिल्या वर्गात बाहेर पडून थेट त्यांच्या हाताखाली आलो, आणि हेल्परपासून वर चढलेला हा गृहस्थ आपल्याला काय शिकवणार, असं पहिले चार दिवस मला वाटत होतं. पाचव्या दिवशी त्यांनी मला चहा शिकवला.

झालं असं, की वर्षातून एकदा बॉयलर बंद करून त्याची मोठी दुरुस्ती होते. त्या दुरुस्तीचा आराखडा करायचं काम त्यांनी मला दिलं. मी तक्ता काढला तो इतका सुंदर की स्वतःच दोनदा लांबून पाहिला. डावीकडे कामं, समोर जबाबदार माणसाचं नाव. जिथं नाव सुचलं नाही, तिथं मी ऐटीत लिहिलं होतं, 'सर्व संबंधित'. सरकारी पत्रांत हे शब्द फार भारदस्त दिसतात. मेश्रामसाहेबांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "हा सर्व संबंधित कोणत्या पाळीले येते गा?" मी हसलो. ते हसले नाहीत. उठून फळ्यावर गेले आणि खडूनं लिहिलं, 'दहाचा चहा आणणे: सर्व संबंधित.' मग जागेवर येऊन कामाला लागले. विभागात आम्ही आठ जण होतो. दहा वाजले. साडेदहा वाजले. जो तो दुसऱ्याकडे पाहत होता, एकानं तर आपला रिकामा कप धुऊन तयार ठेवला. बारा वाजता, डोकं दुखायला लागल्यावर, मेश्रामसाहेब उठले, 'सर्व संबंधित' पुसलं आणि तिथं 'वैरागडे' लिहिलं. दहा मिनिटांत चहा आला. आणणारा अर्थातच मी. "समजलं का?" त्यांनी बशीत ओतता ओतता विचारलं. मी म्हटलं, समजलं. "नाही समजलं," ते म्हणाले, "पण समजन."

कामाची मांडणी ते हातमागावरून शिकवायचे. "हे पाह्य. उभा ताणा म्हणजे काम, आडवा बाणा म्हणजे माणूस. काम वरून तोडत ये. बॉयलर, मग त्याची भट्टी, मग भट्टीतल्या नळ्या, मग नळ्याईची एक बाजू. इतकं तोड का एका माणसाच्या ओंजळीत मावलं पाह्यजे. तिथं थांब. आणखी तोडशीन त चुरा होते." मग दुसऱ्या कागदावर माणसं, तीही वरून खाली, प्रमुखापासून मुकादमापर्यंत. दोन्ही कागद एकमेकांना लावायचे आणि उभी-आडवी रेघ जिथं भेटते तिथं एक गाठ मारायची. एका कामाला एकच गाठ. "दोन नावं लिहिले का दोघंही घरी जातात," हा त्यांचा सिद्धांत. हीच गोष्ट पुढे मी मुंबईच्या एका प्रशिक्षणात तीन दिवस, गुळगुळीत चित्रांसह, इंग्रजीतून ऐकली. परत येऊन मोठ्या उत्साहानं त्यांना सांगितली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवण कसं होतं?"

एवढं शिकूनही मी जे केलं ते केलंच. त्या पहिल्याच दुरुस्तीत बॉयलरच्या भट्टीत उंच मचाण बांधायचं होतं, लोखंडी नळ्यांचं आणि फळ्यांचं, चार मजली इमारतीएवढं. मी आराखड्यात 'मचाण बांधणे' लिहिलं, समोर मुकादमाचं नाव लिहिलं, दिवस लिहिले. 'मचाण काढणे' मात्र लिहिलंच नाही. माझ्या कागदावर ते मचाण एकदा जे उभं राहिलं ते कायमचं. शेवटच्या दिवशी सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा झाल्या, भट्टी पेटवायची वेळ ठरली, मी नवा शर्ट घालून आलो. पेटवण्याआधी मेश्रामसाहेब रिवाजाप्रमाणे बॅटरी घेऊन झडपेतून आत डोकावले आणि बराच वेळ डोकावलेलेच राहिले... मग डोकं बाहेर काढून मला म्हणाले, "वैरागडे, आत कोणाचं लगीन हाय का गा? मांडव दिसून राहिला."

मुकादमाला बोलावलं. तो म्हणाला, "साहेब, बांधा म्हणलं होतं, बांधलं. काढा कोणी म्हणलं?" त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. वरच्या साहेबांनी बैठकीत टेबलावर हात आपटून विचारलं, हा आराखडा कोणाचा. मी खुर्चीत खाली सरकत होतो. मेश्रामसाहेब म्हणाले, "माझा आहे. सही माझी आहे." त्यावर जे ऐकायचं ते सगळं त्यांनी उभ्यानं ऐकलं. बाहेर आल्यावर मी काहीतरी बोलायला गेलो, तर म्हणाले, "चूक तुही, सही माही. आता नवा शर्ट काढ." आणि त्यांनी मला मचाण काढणाऱ्या खलाशांबरोबर भट्टीत पाठवलं. दिवसभर मी फळ्या खाली दिल्या, नळ्या मोजल्या. संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा माझे फक्त दात ओळखू येत होते. त्यांनी माझा आराखडा समोर ठेवला, लाल पेन दिला, आणि मी 'मचाण काढणे' असं लिहून समोर स्वतःचं नाव घातलं. ते निवृत्त होईपर्यंत दर वर्षी, मी कुठल्याही हुद्द्यावर असलो तरी, त्या एका ओळीसमोर माझंच नाव असायचं. हुद्दा वाढला म्हणून मी एकदा ते खोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ते परत लिहिलेलं होतं, त्यांच्या अक्षरात.

निवृत्तीनंतर माणसं फिरायला जातात, गुडघे दाखवायला जातात. मेश्रामसाहेबांनी अभ्यासिका काढायची ठरवली. उत्तर नागपुरात त्यांच्या वस्तीतल्या विहारावर एक अर्धवट बांधलेली खोली होती. वस्तीतल्या मुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास कुठं करतात हे त्यांनी एकदा फिरून पाहिलं होतं. कोणी मावशीच्या घरी, कोणी बंद दुकानाच्या ओट्यावर, कोणी जिथं घरमालक दिवा मालवत नाही तिथं. "मी काट्यावर बसलो, यायनं काहून उसन्या दिव्याखाली बसावं?" एवढंच ते म्हणाले. परीक्षेच्या दोन महिने आधी ती खोली सुरू झालीच पाहिजे हे त्यांनी ठरवलं आणि घराच्या पुढच्या खोलीत, दाराच्या मागच्या बाजूला, कामाचा ताणा-बाणा लावला. जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या केल्या होत्या. एका चिठ्ठीवर एक काम, खाली एक नाव. खिडक्या, रंग, टेबलं, पुस्तकं, पाण्याची टाकी. काम झालं की ज्याचं नाव त्यानंच येऊन चिठ्ठी काढायची आणि खालच्या बिस्किटाच्या डब्यात टाकायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. चिठ्ठी काढायला येणाऱ्याला वहिनी चहा देत. चिठ्ठी न काढता नुसता आलेल्यालाही देत, पण पाहत वेगळ्या नजरेनं.

माझी चिठ्ठी होती 'विजेचं मीटर'. आयुष्यभर वीज तयार करण्यात गेलेल्या माणसाला मीटर लावून घेणं म्हणजे काय काम... मी छाती पुढे काढून सांगितलं, "आठ दिवस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन्सिलीनं चिठ्ठीच्या मागे काहीतरी लिहिलं आणि ती टाचणीनं लावली.

मी दुसऱ्याच दिवशी अर्ज भरला. तेवढ्यावर काम झालं असं समजून निवांत झालो, कारण अर्ज भरला म्हणजे काम झालं हा माझा स्वभाव. दोन आठवडे गेले, तीन गेले. दारामागच्या चिठ्ठ्या एकेक करून डब्यात पडत होत्या. खिडक्यांची पडली, टेबलांची पडली. विहाराच्या खालच्या दालनातून वायर ओढून घ्या, असं कोणीतरी सुचवलं. मेश्रामसाहेबांनी मान हलवली. "उसना दिवा नको म्हून त हे सारं करून राहिलो." मी गेलो की ते काही विचारत नसत. मीच म्हणायचो, "येऊन जाईल." आणि दाराकडे पाठ करून बसायचो.

मग त्यांचं पोटाचं दुखणं निघालं आणि ते धंतोलीतल्या एका दवाखान्यात भरती झाले. शस्त्रक्रिया झाली, बरं वाटलं, पुन्हा बिघडलं. मी शेवटचा भेटलो तेव्हा दुपार होती. खाटेच्या कडेला वहिनी संत्रं सोलत होत्या, जे ते खाणार नव्हते. चेहरा उतरला होता, पण नजर झडपेतून आत पाहणारीच होती. मी तब्येतीचं काही विचारायच्या आतच म्हणाले, "तुही चिठ्ठी?"

मी म्हणालो, "निघाली. मीटर लागलं."

का म्हणालो, ते मला अजून नीट सांगता येत नाही. आज-उद्या लागणारच आहे, म्हणजे लागल्यातच जमा, असं काहीसं मनात होतं. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. "आकडा किती दाखवून राहिलं?"

"शून्य," मी म्हणालो.

"शून्य कसं असन? पाठवण्याच्या आधी तपासून पाहतात ना गा."

"मग दोन-तीन असेल."

"दोन का तीन?"

मी संत्र्याच्या सालींकडे पाहिलं. ते म्हणाले, "बरं," आणि डोळे मिटून घेतले. पाच दिवसांनी वहिनींचा फोन आला.

मेश्रामसाहेबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, लोक बोलले, मीही बोललो आणि चांगलं बोललो असं लोक म्हणाले. सगळं उरकल्यावर त्यांच्या घरी मी वहिनींना हळूच म्हटलं, अभ्यासिकेचं उद्घाटन महिनाभर पुढे ढकलू या, या परिस्थितीत कोणी काही म्हणणार नाही. वहिनी दाराकडे पाहत म्हणाल्या, "तारीख त्यायनं ठेवली हाय. ते मी काहून हलवू?" दारामागे एकच चिठ्ठी उरली होती. ती कोणाची, ते सांगायला नको. पंधरवडाच हातात होता, आणि मेलेल्या माणसाला मी सांगितलेलं खोटं त्या तारखेच्या आत खरं करणं, एवढं एकच काम आता माझ्या ओंजळीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी वीज कंपनीच्या कार्यालयात गेलो तो भांडायच्या तयारीनं. पंचेचाळीस दिवस झाले, अर्जाचं काय झालं, मीही याच खात्यात केस पांढरे केलेत, वगैरे भाषण रस्त्यात पाठ केलं होतं. टेबलामागच्या मुलीनं ते सगळं ऐकलं, संगणकात पाहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. मीटर कुठं हवं या रकान्यात मी माझ्या स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला होता. आयुष्यभर जो लिहिला तो. "काका, आमचा माणूस तुमच्या घरी आला होता," ती म्हणाली, "काकूंनी परत पाठवलं."

मी घरी येऊन विचारलं. बायको भाजी निवडत होती. "हो, आला होता एक जण मीटर घेऊन," ती म्हणाली. "मी म्हटलं, आमच्याकडे एक आहे, चांगलं चालतं. मग तो गेला." मला सांगितलं का नाहीस, मी जरा आवाज चढवून विचारलं. तिनं मान वर केली नाही. "तुम्ही मला सांगितलं होतं का, की तुम्ही आपल्या घरी दुसरं मीटर बोलावलंय?"

त्यानंतर मी जे केलं ते मेश्रामसाहेबांच्या पद्धतीनं केलं. काम तोडलं. नवा अर्ज. पत्ता, तो दोनदा वाचणे. विहाराच्या कमिटीचं पत्र. वायरिंगचा दाखला. प्रत्येकासमोर एकच नाव, कारण दुसरं कोणी नव्हतंच. रोज सकाळी डबा घेऊन मी त्या कार्यालयाच्या बाकावर बसायचो. तिसऱ्या दिवसापासून तिथले लोक मला कर्मचारी समजून कागद कुठं द्यायचे ते विचारू लागले, आणि मी बरोबर सांगूही लागलो. मीटर आलं त्या दिवशी मी त्या माणसाच्या स्कूटरच्या मागे बसूनच विहारावर गेलो, न जाणो पुन्हा माझ्या घरी जायचा. मीटर भिंतीवर चढलं, खटका दाबला, पंखा फिरला. मी चष्मा पुसून आकडा पाहिला. दोन होता. मोबाइल काढला, मेश्रामसाहेबांच्या नंबरावर लिहिलं, 'दोन', आणि पाठवून दिलं. या वेळी चुकून नाही.

उद्घाटनाच्या दिवशी फीत कापायला कोणी मोठा माणूस नव्हता. वस्तीतल्या दोन मुलींनी येऊन दिवे लावले आणि पाहुण्यांची भाषणं संपायच्या आतच त्या पुस्तकं उघडून बसल्या, त्यामुळे उरलेली भाषणं आपोआप हळू आवाजात झाली. हे मेश्रामसाहेबांना फार आवडलं असतं.

तिथून वहिनींबरोबर घरी गेलो. पुढच्या खोलीत त्यांची खुर्ची तिथंच होती, पेन्सिलीचा पेला तिथंच. वहिनींनी दार पुढे ओढून त्याची मागची बाजू माझ्यासमोर केली. रिकाम्या टाचण्यांची नक्षी आणि मधोमध माझी चिठ्ठी, पंख्याच्या वाऱ्यानं हलत असलेली. "तुमची वाट पाहून राहिली," त्या म्हणाल्या. "आम्ही कोणी हात नाही लावला." मी टाचणी काढली. डब्यात टाकण्याआधी चिठ्ठी उलटली. मागच्या बाजूला कोणाच्या तरी लग्नपत्रिकेचा लाल गणपती, आणि त्याच्या पायाशी पेन्सिलीनं, त्यांच्या बारीक अक्षरात, 'वैरागडे म्हणतो, आठ दिवस. धरले, साठ.'

मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मीटर अठ्ठावन्नाव्या दिवशी लागलं होतं. म्हणजे त्यांच्या आराखड्याप्रमाणे मी उशीर केलाच नव्हता. उलट... मी जरा ताठ झालो. "वहिनी," मी म्हणालो, "हे पाहा, माझं दोन दिवस आधीच झालं."

वहिनींनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, वाचली, डब्यात टाकली आणि झाकण लावलं. "तुम्ही दवाखान्यातून गेले ना त्या दिवशी, त हासले होते ते," त्या म्हणाल्या. "मले म्हणे, मीटर लागलं नाही. पण लागन. तारीख हलवू नको."

वहिनी चहा ठेवायला उठल्या आणि आत जाता जाता म्हणाल्या, "भरोसा होता त्यायचा तुमच्यावर, भाऊजी. वेळेवर नाही करणार म्हून."